नुकसानभरपाई : उपकार की देणे?

स्मरणिकेची पाने साधारणतः यशाच्या नोंदींनी भरलेली असतात. कोण डॉक्टर झाला, कोण प्राध्यापिका झाली, कोणत्या तुकडीने शाळेला ग्रंथ दिले, हे वाचताना ऊर भरून येतो, आणि तो यावाच. परंतु या शाळेच्या वसतिगृहात राहून शिकलेल्या सर्वांचीच वाट कचेरीकडे किंवा महाविद्यालयाकडे गेलेली नाही. आमच्यापैकी कितीतरी जण आज जिनिंगमध्ये, पोलाद कारखान्यात, बांधकामाच्या परांचीवर, ट्रकवर, गोदामात आणि शेतात राबत आहेत. सध्या शाळेत असलेल्या अनेक विद्यार्थ्यांचे आईवडीलही अशाच कामांवर आहेत. वसतिगृहातील मुलाचे शिक्षण घरच्या माणसांच्या हातांवर उभे असते. त्यांपैकी एक हात यंत्रात सापडला, तर त्या घरात सर्वांत आधी मोडते ते मुलाचे शिक्षण. म्हणूनच कामावरील अपघात आणि त्यानंतरचे हक्क हा विषय शाळेच्या स्मरणिकेत असावा, असे आम्हांस वाटते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. कामावर जायबंदी झालेल्या माणसाला मिळणारा पैसा हे कायद्याने ठरवलेले देणे आहे. हे देणे बुडते ते बहुतेक वेळा कायदा अपुरा असल्यामुळे नव्हे, तर अपघातानंतरच्या पहिल्या काही दिवसांत योग्य तो कागद तयार न झाल्यामुळे. आणि कागद तयार करणे हे लिहिता-वाचता येणाऱ्या, कचेरीत न घाबरता जाणाऱ्या माणसाचे काम आहे. शाळेने आम्हांला नेमके हेच शिकवले. तेव्हा या कामाची जबाबदारी आमच्यावर येते.

मागणी जुनी आहे

हा हक्क कुणाच्या मोठ्या मनातून आलेला नाही. त्यामागे महाराष्ट्रातील कामगारांची शंभरांहून अधिक वर्षांची मागणी उभी आहे. महात्मा फुले यांचे सहकारी, सत्यशोधक कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर 1884 मध्ये मुंबईतील गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. त्यांतून सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. आठवड्याची सुट्टी, दुपारची विश्रांती, कामाच्या तासांवर मर्यादा आणि वेळेवर पगार या मागण्यांच्या जोडीला त्यात आणखी एक मागणी होती. कामावर गंभीर दुखापत झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि तो कायमचा अपंग झाल्यास त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी, अशी ती मागणी होती.

या मागणीला कायद्याचे रूप येण्यास एकोणचाळीस वर्षे लागली. 1923 साली कामगार नुकसानभरपाई कायदा झाला आणि 1 जुलै 1924 पासून तो अमलात आला. त्याआधी जखमी कामगाराला दिवाणी दावा लावून मालकाचा दोष सिद्ध करावा लागे. आणि दोन वेळच्या भाकरीची भ्रांत असलेला माणूस असा दावा कसा चालवणार? नव्या कायद्याने मालकाचा दोष सिद्ध करण्याची अट काढून टाकली. कामामुळे आणि काम चालू असताना अपघात झाला, एवढे दाखवले की मालकाचे देणे सुरू होते.

पुढचा टप्पा आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे. 1942 ते 1946 या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे 1943 मध्ये सोपवले गेले आणि 1944 मध्ये त्यांचा अहवाल आला. त्याच पायावर 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. संविधानाच्या अनुच्छेद 41 मध्ये बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता या प्रसंगी सरकारी साहाय्याची तरतूद करण्याचे कर्तव्य राज्यावर टाकले आहे. ही परंपरा माहीत असलेल्या माणसाने ठेकेदाराने दिलेल्या दहा हजारांसाठी हात जोडून उभे राहावे, हे शोभणारे नाही.

आपल्या जिल्ह्यातले वास्तव

वर्धा जिल्हा कापसाचा. हिंगणघाट आणि पुलगाव येथे एकोणिसाव्या शतकातच कापडगिरण्या उभ्या राहिल्या. गिरण्यांचे दिवस सरले, तरी जिनिंग-प्रेसिंगचा हंगाम आजही हजारो हातांना काम देतो. हे काम हंगामी, बहुतेक ठेक्यावरचे आणि फिरत्या रोलरच्या शेजारचे. बोट, पंजा, ओढणी, बाही यांपैकी काय केव्हा ओढले जाईल याचा नेम नाही. शिवाय कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा विकार कायद्याच्या परिशिष्टात व्यावसायिक रोग म्हणून नोंदलेला आहे, हे तर जिनिंगमधल्या फार थोड्यांना माहीत असते.

गेल्या काही वर्षांतील मोठे अपघात आपण विसरलेलो नाही. 31 मे 2016 रोजी मध्यरात्रीनंतर पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली. दोन लष्करी अधिकारी आणि आग विझवण्यासाठी धावलेले अग्निशमन कर्मचारी तिच्यात प्राणास मुकले. 20 नोव्हेंबर 2018 रोजी सोनेगाव (आबाजी) जवळच्या मैदानावर, जुना दारूगोळा नष्ट करण्यासाठी उतरवला जात असताना, स्फोट होऊन सहा जण मरण पावले. त्यांत आसपासच्या गावांतून रोजीवर आलेले ठेक्यावरचे मजूर होते. 3 फेब्रुवारी 2021 रोजी भूगाव येथील पोलाद कारखान्यात भट्टीजवळ झालेल्या दुर्घटनेत तीसहून अधिक कामगार जखमी झाले.

अशा अपघातांच्या बातम्या होतात, मंत्री येतात, मदत जाहीर होते. परंतु एकट्या मजुराचा अंगठा जिनिंगमध्ये जातो किंवा गवंड्याच्या हाताखालची बाई दुसऱ्या मजल्यावरून पडते, तेव्हा बातमी होत नाही. ठेकेदार दवाखान्याचे पहिले बिल भरतो, हातावर काही नोटा ठेवतो आणि ‘बरा झाला की ये’ असे सांगतो. घरच्यांना तो देवमाणूस वाटतो. पुढे दोन महिन्यांनी तो फोन उचलणे बंद करतो, तेव्हा हाती केसपेपरसुद्धा उरलेला नसतो.

दान ही आपल्या परंपरेत मोठी गोष्ट आहे. देणाऱ्याचे मन त्याने मोकळे होते. परंतु जे देणे आहे ते दान म्हणून देणारा स्वतःचे ऋण लपवत असतो आणि ते दान म्हणून घेणारा आपल्या लेकरांचा वाटा सोडून देत असतो. मालक मनाने चांगला असेल, तर त्याने हिशेबाने द्यावे. त्याच्या चांगुलपणाला त्याने काही बाधा येत नाही.

हिशेब कसा होतो

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 अमलात आली आणि 1923 चा कायदा व कर्मचारी राज्य विमा कायदा हे दोन्ही तिच्यात सामावले गेले. नावे बदलली, तरी भरपाईचे मूळ सूत्र तेच राहिले आहे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या 50 टक्के आणि कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास 60 टक्के, या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. वय कमी तितका गुणक मोठा, कारण कमावण्याची वर्षे अधिक गेली. पंचविसाव्या वर्षी तो 216.91, तिसाव्या वर्षी 207.98, तर चाळिसाव्या वर्षी 184.17 आहे. अंशतः अपंगत्व असेल, तर कोणत्या अवयवाच्या हानीला किती टक्के धरायचे याचे परिशिष्ट आहे. अंगठा गेल्यास 30 टक्के, एका हाताची चारही बोटे गेल्यास 50 टक्के.

उदाहरण घेऊ. तीस वर्षांचा कामगार आहे, वेतन दरमहा 12,000 रुपये आहे आणि यंत्रात त्याचा अंगठा गेला. 12,000 चे 60 टक्के म्हणजे 7,200. त्याला 207.98 ने गुणले की 14,97,456 रुपये होतात. त्याचे 30 टक्के म्हणजे सुमारे 4,49,000 रुपये. ज्या अंगठ्यासाठी पंधरा हजार आणि गावी जायचे भाडे देऊन प्रकरण मिटवले जाते, त्या अंगठ्याचे कायद्याने ठरलेले देणे साडेचार लाखांच्या घरात आहे. या हिशेबाला वकील लागत नाही. दहावीच्या गणितातील टक्केवारी पुरते.

परिशिष्टातील टक्के ही शेवटची रेघ मात्र नाही. त्या माणसाची कमावण्याची शक्ती प्रत्यक्षात किती गेली, हेही पाहावे लागते. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचे नुकसान शंभर टक्के धरले गेले आणि 1975 साली सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. त्याच निकालात न्यायालयाने असेही सांगितले की, भरपाईचे देणे निकालाच्या दिवसापासून नव्हे, अपघाताच्या दिवसापासून सुरू होते. रक्कम एका महिन्यात दिली नाही, तर तिच्यावर व्याज चढते. 1923 च्या कायद्यात ते वार्षिक 12 टक्के होते. सबळ कारणाशिवाय उशीर केल्यास रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंत अधिक भुर्दंड मालकावर बसू शकतो.

हाड मोडले, काही महिन्यांत बरे होणार, अशा तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या 25 टक्के, म्हणजे महिन्याला निम्मे वेतन द्यावे लागते. 12,000 कमावणाऱ्यास दरमहा 6,000. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. लोखंड्यांनी 1884 साली पूर्ण वेतन मागितले होते. एवढ्या वर्षांनंतर कायदा अर्ध्यावर येऊन थांबला आहे. हे अर्धेसुद्धा सोडून देणे आपल्याला परवडणारे नाही.

कामगार राज्य विम्याखाली असेल, तर वाट निराळी आहे. पगारपत्रकावर 0.75 टक्के कपात दिसत असेल, तर आपण विमाधारक आहोत असे समजावे. ही योजना दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांसाठी आहे. तिच्यात तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या सुमारे 90 टक्के भत्ता मिळतो, कायमच्या अपंगत्वात कमाई किती घटली त्यानुसार दरमहा रक्कम मिळते, आणि मृत्यू झाल्यास आश्रितांना निवृत्तिवेतन मिळते. कामावरील दुखापतीसाठी ठरावीक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही. कामाच्या पहिल्या दिवशीच अपघात झाला तरी हक्क लागू होतो. मात्र राज्य विम्याचा लाभ आणि मालकाकडून भरपाई हे दोन्ही एकाच दुखापतीसाठी घेता येत नाहीत. म्हणून आधी आपण कोणत्या वाटेवर आहोत, हे पाहून घ्यावे.

जी उत्तरे ऐकून माणूस घरी परततो

‘तुझीच चूक होती’ हे पहिले उत्तर. कामगाराचा निष्काळजीपणा असला, तरी तेवढ्याने भरपाई जात नाही. नशेत असणे, सुरक्षेची स्पष्ट सूचना जाणूनबुजून मोडणे, किंवा संरक्षक साधन मुद्दाम काढून टाकणे एवढेच अपवाद आहेत. आणि मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल, तर तेही चालत नाहीत.

‘तू आमचा कामगार नाहीस, ठेकेदाराचा आहेस’ हे दुसरे. मुख्य मालकाच्या धंद्यातील काम ठेक्याने दिले असेल, तर जखमी कामगार थेट मुख्य मालकाकडून भरपाई मागू शकतो. ठेकेदाराकडून ती वसूल करणे ही मग मालकाची बाब. आपल्या जिल्ह्यात ठेक्याने चालणाऱ्या कामांचा पसारा पाहता सर्वांत उपयोगी तरतूद हीच आहे, आणि सर्वांत कमी लोकांना ठाऊक असलेलीही हीच.

‘तू सही केली आहेस, प्रकरण मिटले’ हे तिसरे. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने निरर्थक ठरतो. एकरकमी तडजोड करायची असल्यास ती सक्षम प्राधिकाऱ्याकडे, पूर्वीच्या भाषेत नुकसानभरपाई आयुक्तांकडे, नोंदवावी लागते. मृत्यूची भरपाई तर त्यांच्याकडेच जमा करावी लागते. घरच्यांच्या हातात परस्पर पैसे देऊन मालक मोकळा होत नाही. कोऱ्या कागदावर अंगठा किंवा सही मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये.

‘अपघात पुण्यात झाला, दावा तिकडेच लाव’ हे चौथे. पुणे, सुरत, हैदराबादकडे गेलेली आपली मुले हे ऐकून हताश होतात. परंतु दावा करणारा जिथे राहतो, तेथील प्राधिकाऱ्याकडेही अर्ज करता येतो. मुदत अपघातापासून किंवा मृत्यूपासून दोन वर्षांची आहे. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. घर ते काम या वाटेवर झालेला अपघात, त्याचा नोकरीशी संबंध दाखवता आला तर, नव्या संहितेने कामावरीलच मानला आहे.

पहिल्या महिन्यातले कागद

अपघातानंतर घरातले सगळे जीव वाचवण्याच्या धावपळीत असतात. हिशेबाचे बोलणे अशा वेळी निर्दयपणाचे वाटते. परंतु त्याच दिवसांत पुरावा तयार होतो किंवा नाहीसा होतो. म्हणून घरातील किंवा शेजारचा एक शिकलेला माणूस फक्त कागदांसाठी मोकळा ठेवावा.

सेवाग्राम असो, सावंगी असो की जिल्हा सामान्य रुग्णालय असो, दाखल करताना अपघात कसा झाला हे डॉक्टर लिहून घेतात. तेथे कामाचे ठिकाण, वेळ आणि यंत्र यांची खरी नोंद झाली पाहिजे. ‘घरी पडला’ किंवा ‘गाडीवरून घसरला’ असे सांगण्याचा आग्रह बरोबर आलेला मुकादम धरत असेल, तर त्याला नम्रपणे बाजूला करावे. त्या एका ओळीवर पुढचे लाखो रुपये अवलंबून असतात. प्रत्येक केसपेपर, औषधाची पावती आणि डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत ठेवावे आणि मोबाइलवर त्यांचे फोटो काढून ठेवावेत.

आपण तेथे कामाला होतो याचा पुरावा गोळा करावा. हजेरीची नोंद, गेटपास, बँकेत किंवा मोबाइलवर आलेली मजुरी, ठेकेदाराचे व्हॉट्सॲपवरील निरोप, सोबत काम करणाऱ्यांची नावे. सोबतचे लोक हंगाम संपला की पांगतात, म्हणून त्यांचे जबाब आधीच लिहून घ्यावेत. त्यानंतर मालक आणि ठेकेदार दोघांनाही अपघाताची लेखी सूचना पोचपावतीसह टपालाने पाठवावी. नाव, पत्ता, अपघाताची तारीख, जागा आणि कारण एवढे साध्या मराठीत लिहिले तरी पुरते. अपघात गंभीर असेल, तर पोलिसांतही नोंद करावी. जखम भरून आल्यावर अपंगत्वाचे प्रमाणपत्र घ्यावे.

वकिलाच्या खर्चाची भीती बाळगू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्ती, स्त्रिया, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना, त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. आपल्यापैकी बहुतेक जण यांतील एका ना एका गटात येतातच. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा. बांधकाम कामगारांनी त्याखेरीज राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी केलेली असावी. वर्षभरात 90 दिवस काम केलेल्यास ती करता येते, आणि नोंदीत कामगाराचा कामावर मृत्यू झाल्यास वारसांना मंडळाकडून 5 लाख रुपये मिळतात. ही नोंदणी अपघाताच्या आधीच झालेली असावी लागते, एवढे ध्यानात ठेवावे.

शेतातला अवघड प्रश्न

शेतमजुराची गोष्ट मात्र सरळ नाही. 2017 च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. सरकारने मृतांच्या वारसांना दोन लाखांचे साहाय्य जाहीर केले. त्या चर्चेत एक गोष्ट मागेच राहिली. शेतात कीटकनाशकाची फवारणी करणारा मजूर आणि ट्रॅक्टर, थ्रेशर अशा यंत्रांवर शेतीचे काम करणारा मजूर हे दोघेही नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत आहेत. त्यांचाही हक्क आहे.

पण तो मागायचा कोणाकडे? बहुतेक वेळा ज्याच्या शेतात सालदार राबतो, तो शेतकरी स्वतः कर्जात असतो. त्याच्याकडे सात लाखांचे देणे निघाले, तर त्याची पाच एकर जमीन जाईल आणि मजुराच्या हाती तरी काय येईल? दोघेही एकाच गावचे. पुन्हा तोंडे पाहायची असतात. राज्याची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात साहाय्य योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीसाठी आहे. ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, तो मजूर तिच्या बाहेर राहतो. आमच्या मते ही उणीव सरकारने भरून काढली पाहिजे, आणि भूमिहीन शेतमजुरांना त्याच धर्तीचे संरक्षण मिळावे, ही मागणी आपल्या गावांच्या ग्रामसभांनी ठरावाने केली पाहिजे. तोवर शेतकऱ्याने हंगामापुरता मजुरांचा विमा काढणे हाच दोघांनाही तारणारा मार्ग आहे.

हे सांगताना आमच्यातीलच एका वर्गाकडे बोट दाखवणे भाग आहे. शाळेचे काही माजी विद्यार्थी आज स्वतः ठेकेदार आहेत, बांधकाम घेतात, गाड्या चालवतात, पाच-दहा माणसे कामाला ठेवतात. त्यांच्या प्रगतीचा आम्हांला अभिमान आहे. परंतु कालपर्यंत ज्याचा बाप रोजंदारीवर होता, त्याने आज हजेरीपट ठेवायला आणि विम्याचा हप्ता भरायला टाळाटाळ करावी, हे समर्थनीय नाही. असा विमा मजुराइतकाच त्याचा स्वतःचाही बचाव करतो. एका अपघाताने लहान ठेकेदार कायमचा बसतो.

आपण काय करू शकतो

अनेक जण विचारतील की, मालकाशी वाकडे घेतले तर काम जाईल, गावात दुसरे काम कोण देईल? ही भीती खरी आहे, तिला हसण्यात अर्थ नाही. एकट्या जखमी माणसाने कचेरीची पायरी चढावी आणि ठेकेदाराचा रागही ओढवून घ्यावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याच्या वतीने लिहिणारा, बरोबर जाणारा आणि तारखा लक्षात ठेवणारा दुसरा माणूस असला, तर ही भीती निम्मी होते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांपुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. पहिली, वर्धा, देवळी, सेलू, हिंगणघाट, समुद्रपूर, आर्वी, आष्टी आणि कारंजा या आठही तालुक्यांत प्रत्येकी दोन माजी विद्यार्थ्यांनी या कामासाठी नाव द्यावे. आमच्यात वकील आहेत, परिचारिका आहेत, शिक्षक आणि लिपिक आहेत. अपघाताची बातमी कळताच त्यांपैकी एकाने दवाखान्यात पोहोचावे आणि कागदांची पिशवी सांभाळावी. दुसरी, नववी-दहावीच्या वर्गांत वर्षातून दोन तास पगारपत्रक वाचणे, भरपाईचा हिशेब करणे आणि अपघाताची सूचना लिहिणे यांसाठी द्यावेत. टक्केवारी आणि पत्रलेखन अभ्यासक्रमात आहेच. उदाहरणे फक्त आपल्या घरची घ्यावीत. तिसरी, ज्या विद्यार्थ्याचे पालक कामावर जखमी झाले आहेत, त्याच्या वसतिगृहाच्या खर्चाची तजवीज भरपाई हाती येईपर्यंत माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून व्हावी. दावा वर्षभर चालला म्हणून मुलाचे वर्ष बुडता कामा नये.

यांतल्या कोणत्याही गोष्टीला मोठी रक्कम किंवा नवी इमारत लागत नाही. लागतो तो थोडा वेळ, आणि आपल्या अक्षरओळखीवर आपल्या माणसांचाही हक्क आहे ही जाणीव. पुढच्या स्मरणिकेत यशाच्या नोंदींबरोबर, या वर्षी किती घरांना त्यांचे देणे हिशेबाने मिळाले, याचीही एक नोंद असावी. ती वाचायला आम्हांला आवडेल.